यादी नको, भांडणं वाचा : आजची आफ्रिकन कादंबरी कुठून धरायची

वाचनाच्या कुठल्याही ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, आफ्रिकन लेखकांचं काहीतरी वाचायचंय, सुरुवात कुठून करू? मग खाली धडाधड याद्या पडतात, अचेबे, अदिची, गुर्ना, परत अदिची. विचारणारा बिचारा नायजेरियाच्या अचेबेचं 'थिंग्ज फॉल अपार्ट' उचलतो, वाचतो, आवडतं, आणि गाडी तिथेच थांबते. पुस्तक जबरदस्तच आहे, वाद नाही, पण ते १९५८ सालचं. उद्या नैरोबीतल्या कोणी विचारलं की मराठीत आत्ता काय चाललंय आणि आपण त्याच्या हातात 'बनगरवाडी' ठेवून मोकळे झालो तर ते जितकं बरोबर, तितकंच हे.

माझं म्हणणं सरळ आहे. याद्या बाजूला ठेवा आणि या लेखकांची आपसातली भांडणं शोधा. हे लोक गेली साठेक वर्षं एकमेकांशी जाहीर भांडतायत, व्यासपीठावर, लेखांतून, परीक्षणांतून, आता ऑनलाइन लाइव्हमधून, आणि ट्रेंड काय, थीम काय, हे सगळं त्या भांडणांतच कळतं, पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर नाही. शिवाय मराठी वाचकाला इथे आयता फायदा आहे. लिहायचं कुठल्या भाषेत, कोणासाठी, दुःख मांडतोय की विकतोय, गावाकडचं तेवढं अस्सल आणि शहरातलं नकली का, हे वाद आपण ग्रामीण, दलित, देशीवाद करत करत कोळून प्यायलोय. नावं नवीन वाटतील, भांडण ओळखीचं निघेल.

आधी वही काढा

आफ्रिकेत ५४ देश आहेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलताना कोणीच लक्षात ठेवत नाही. म्हणून पहिली सवय ही लावा की लेखकाचं नाव ऐकलं की वहीत चार गोष्टी लिहायच्या : देश, शहर, घरात बोलली जाणारी भाषा, आणि पुस्तक पहिल्यांदा कुठे छापलं. बस. एवढ्यावरच निम्मा गोंधळ कमी होतो, कारण झांझिबारच्या मुस्लिम किनाऱ्यावर वाढलेला अब्दुलरझाक गुर्ना आणि नायजेरियातल्या एन्सुकाच्या विद्यापीठ कॅम्पसमध्ये वाढलेली चिमामांडा न्गोझी अदिची यांना एकाच खोक्यात टाकणं किती विनोदी आहे ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं.

मग दोन छोट्या गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत. केनियाचा बिन्यावांगा वाइनाइना, त्याने 'ग्रांटा' मासिकात २००५ मध्ये एक उपरोधिक लेख लिहिला, 'हाउ टू राइट अबाउट आफ्रिका'. आफ्रिकेवर लिहायचं असेल तर मुखपृष्ठावर बंदूक आणि बरगड्या हव्यात, सुखात असलेला नॉर्मल माणूस अजिबात नको, असा तो खवचटपणे सल्ले देत सुटतो. गंमत म्हणजे हा लेख मुळात त्याच मासिकाच्या एका जुन्या आफ्रिका अंकावर चिडून संपादकांना पाठवलेल्या ईमेलमधून निघाला. दुसरं, अदिचीचं २००९ चं टेड भाषण, एकाच गोष्टीच्या धोक्याबद्दल, वीसेक मिनिटांचं. बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, तरी परत बघा, आणि बघताना आपले पेपर आठवा. मुंबईच्या पेपरात 'नायजेरियन' हा शब्द बहुतेक वेळा कुठल्या पानावर, कुठल्या अटकेच्या बातमीत येतो ते आठवलं की भाषण लंडन-अमेरिकेपुरतं राहत नाही.

भांडण पहिलं : इंग्रजी की आपली

हे सगळ्यात जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात जिवंत. जून १९६२, युगांडात कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात लेखकांची एक परिषद भरली. अचेबे होता, त्याच्याच देशाचा नाटककार सोयिंका होता, आणि तेव्हा विद्यार्थीच असलेला एक केनियन पोरगा, जेम्स न्गुगी (पुढचा न्गुगी वा थिओंगो), तोही होता. परिषद होती इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकन लेखकांची, म्हणजे स्वाहिली किंवा योरुबात आयुष्यभर लिहिणाऱ्याला दारच बंद. पुढच्याच वर्षी ओबी वाली नावाच्या नायजेरियन समीक्षकाने 'ट्रान्झिशन' मासिकात लिहिलं की हा रस्ता पुढे बंद होणारा आहे, आणि जो धुरळा उडाला तो अजून बसलेला नाही. (हे 'ट्रान्झिशन' कंपालात सुरू करणारा संपादक होता रजत निओगी, युगांडातला बंगाली. आपली माणसं कुठे कुठे होती बघा.)

अचेबेचं म्हणणं, इंग्रजी मला मिळालीय तर मी ती वाकवून वापरीन. न्गुगीने आधी तसंच केलं, इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, नाव झालं. १९७७ मध्ये त्याची 'पेटल्स ऑफ ब्लड' आली, स्वतंत्र केनियातल्या सत्ताधाऱ्यांवर सणसणीत टीका असलेली, आणि तिचं प्रकाशन कोणाच्या हस्ते झालं तर तेव्हाचे अर्थमंत्री म्वाई किबाकी. सरकारला काही झळ लागली नाही. त्याच वर्षी त्याने कामिरिथू गावात शेतकरी-मजुरांना घेऊन गिकुयू भाषेत एक नाटक बसवलं, गावकरीच नट, आणि वर्ष संपायच्या आत न्गुगी तुरुंगात, खटला न चालवता. इंग्रजी कादंबरीला मंत्री हजर आणि गावच्या भाषेतल्या नाटकाला कोठडी. या एका वर्षावर ग्रुपमध्ये तासभर बोलता येतं, वेगळा विषय लागत नाही. तुरुंगात त्याने टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली, तीच 'डेव्हिल ऑन द क्रॉस'. आणि त्याच कादंबरीचं तेलुगू भाषांतर वरवर राव यांनी केलं तेही तुरुंगात बसूनच. १९८६ च्या 'डीकॉलनायझिंग द माइंड'मध्ये न्गुगीने इंग्रजी लेखनाला रामराम ठोकला. २०२५ च्या मे महिन्यात तो गेला.

आता तुम्ही म्हणाल हा इतिहास झाला, आत्ताचं काय. तर आत्ताच्या कुठल्याही चर्चेत हा प्रश्न निघतोच निघतो, आणि उत्तरं बदललीयत. बरेच तरुण लेखक म्हणतात इंग्रजी आता आमचीच, तुमच्या परवानगीची गरज नाही. दुसरीकडे २०१४ पासून स्वाहिलीतल्या हस्तलिखितांसाठी माबाती-कॉर्नेल (आता सफाल-कॉर्नेल) नावाचं वेगळं बक्षीस आहे, आणि 'जलाडा' नावाच्या तरुण लेखकांच्या गटाने २०१६ मध्ये न्गुगीची एक छोटीशी बोधकथा घेऊन तिची भाषांतरं करवायला सुरुवात केली, माणूस दोन पायांवर का चालायला लागला त्याची गोष्ट, ती करता करता भारतीय भाषांसकट जगातल्या कितीतरी भाषांत गेली. दहा मिनिटांत वाचून होते. मुलांसाठी म्हणून वाचा, नंतर परत मोठ्यांसाठी म्हणून वाचा.

नेमाडे ज्यांनी वाचलेत त्यांना हे सगळं वाचताना सारखं हसू येत राहील. पण एक सावधगिरी, न्गुगी म्हणजे केनियाचे नेमाडे असं म्हणून विषय संपवू नका. न्गुगीची बाजू वर्गलढ्याची आहे, जमीन कोणाची याची आहे, संस्कृतीच्या अभिमानाची नाही, निदान तेवढीच नाही.

भांडण दुसरं : गरिबी दाखवता की विकता

यासाठी एक कथा वाचायची, नोव्हायोलेट बुलावायोची 'हिटिंग बुडापेस्ट'. या कथेला २०११ चं केन प्राइझ मिळालं, हे आफ्रिकन लेखकांच्या इंग्रजी कथेला मिळणारं, ब्रिटनमधून दिलं जाणारं बक्षीस. कथा ऑनलाइन आहे, चर्चगेट ते अंधेरीत होऊन जाते.

झिम्बाब्वेतल्या एका झोपडवस्तीतली पोरं शेजारच्या श्रीमंत वस्तीत पेरू चोरायला जातात. झोपडवस्तीचं नाव पॅराडाइज, श्रीमंत वस्तीचं बुडापेस्ट. एक मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला दिवस गेलेत, त्यावर कोणी थांबून रडत नाही, पोरं तिच्यासाठी चालण्याचा वेग कमी करतात इतकंच. पेरू खाऊन खाऊन पोट बांधलं जातं आणि मग शौचाला बसल्यावर जीव जातो, ही बारीक गोष्ट मला कथेत सगळ्यात खरी वाटते, कारण भूक सगळेच लिहितात, फुकटच्या पेरवाने जे होतं ते कोणी लिहीत नाही. शेवटी पोरांना झाडाला लटकलेली एक बाई दिसते. घाबरून पळतात, आणि मग परत फिरतात, का, तर तिच्या पायातले बूट नव्यासारखे आहेत, ते विकून पाव घेता येईल.

पुढे या कथेची कादंबरी झाली, 'वी नीड न्यू नेम्स', २०१३, बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये गेली. आणि हेलोन हबिला, जो स्वतः २००१ चा केन विजेता, नायजेरियन, त्याने परीक्षणात विचारलं की पाश्चात्त्य बातम्यांत दिसणारी सगळी दुःखं एकेक करून इथे का हजेरी लावतायत, हे आफ्रिकेचं प्रदर्शन मांडणं नाही का. झालं, रण पेटलं.

आपल्याला हे नवीन आहे का? दलित आत्मकथनं आली तेव्हा दुःखाचं भांडवल करतात म्हणणारे होतेच. २००९ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या सिनेमाला ऑस्करं मिळाली तेव्हा अर्धं शहर नाचत होतं आणि अर्धं शहर म्हणत होतं की गोऱ्यांना आमची घाणच बघायचीय. म्हणून ग्रुपमध्ये आधी कथा वाचा, मग हबिलाचं परीक्षण, आणि मग मतं घ्या, हा क्रम उलटा करू नका कारण परीक्षण आधी वाचलं की सगळे हबिलाचे डोळे लावूनच कथा वाचतात.

आणि चर्चा तापली की हा मुद्दा टाका : कथेतच एक कॅमेरा आहे. बुडापेस्टमधली लंडनहून आलेली बाई पोरांसमोर काहीतरी खात असते, उरलेलं कचऱ्यात टाकते, पोरं त्या कचऱ्याकडे बघत राहतात, आणि ती म्हणते उभे राहा, फोटो काढते. म्हणजे गरिबीचे फोटो काढणाऱ्यांबद्दल लेखिकेला जे म्हणायचंय ते तिने कथेतच म्हणून ठेवलंय. हबिलाचं तरीही बरोबर असू शकतं. मला वाटतं कथेपुरतं बुलावायो जिंकते आणि कादंबरीत हबिलाला थोडे मार्क द्यावे लागतात. तिची पुढची कादंबरी 'ग्लोरी', २०२२ ची, त्यात सगळी पात्रं जनावरं आहेत आणि मुगाबेची सत्ता २०१७ मध्ये गेली त्यावरचा तो तमाशा आहे. टीका ऐकून लेखक कुठे सरकतो ते बघायला ही जोडी चांगली.

भांडण तिसरं पटकन उरकते

टाये सेलासीने २००५ मध्ये एका निबंधात 'आफ्रोपॉलिटन' ही कल्पना गाजवली, म्हणजे लंडन-न्यूयॉर्क-आक्रा असं सगळीकडे घर असलेली शिकलेली पिढी. वाइनाइनाने २०१२ मध्ये जाहीर सांगितलं की मी तो नाही, मी पॅन-आफ्रिकन, म्हणजे अख्ख्या आफ्रिकेच्या एकीचा. मुद्दा पैशाचा आणि पासपोर्टचा आहे, विमानाचं तिकीट ज्याला परवडतं त्याचीच गोष्ट 'आजची आफ्रिका' म्हणून चालायला लागली तर लागोसच्या बसमधला माणूस कुठे जाणार. या भांडणासोबत अदिचीची 'अमेरिकाना' (२०१३) वाचा, निम्मी गोष्ट अमेरिकेतल्या एका केस विणायच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसून सांगितलीय. डोंबिवलीतून न्यू जर्सीला गेलेल्या भावंडांना भेट द्यायलाही बरी.

भांडण चौथं : छापतं कोण

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका. युगांडाची जेनिफर नान्सुबुगा माकुंबी, तिची 'किन्टू' १७५० च्या बुगांडा राज्यात सुरू होते आणि एका शापाच्या मागे मागे आजच्या कंपालापर्यंत येते. गोऱ्यांचं राज्य, जे सगळ्या आफ्रिकन कादंबऱ्यांचं केंद्र मानलं जातं, ते तिने जवळपास ओलांडूनच टाकलंय. ब्रिटनमधल्या प्रकाशकांचं म्हणणं पडलं की हे जरा जास्तच आफ्रिकन झालं. मग नैरोबीच्या 'क्वानी?' या संस्थेच्या हस्तलिखित स्पर्धेत २०१३ मध्ये ती पहिली आली, २०१४ मध्ये केनियात छापली गेली, तिकडे लोकांनी डोक्यावर घेतली, आणि त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिका, २०१८ मध्ये ब्रिटन. म्हणजे लंडनला ती कळायला घरून सर्टिफिकेट जावं लागलं, नेहमी उलटं असतं.

म्हणून पुस्तक हातात घेतलं की कॉपीराइटचं पान उघडायचं. पहिली आवृत्ती कुठली? लंडन-न्यूयॉर्क, की अबुजाची 'कसावा रिपब्लिक', की नैरोबी? फोर्टच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांत नारिंगी पाठीची हाइनमनची 'आफ्रिकन रायटर्स सिरीज' मिळाली तर उचलाच, १९६२ मध्ये सुरू झालेली, अचेबे तिचा पहिला संपादक-सल्लागार, किंमत वडापावच्या हिशोबात असते. पण तीही लंडनच्याच कंपनीची, हे वहीत लिहून ठेवा. आणि वाचताना एक खूण बघत जा, लेखक घरातल्या जेवणाचं, नात्याचं, कपड्याचं स्पष्टीकरण देत बसतो का. देत असेल तर समोर कोण बसलाय असं त्याला वाटतंय ते कळतं. गुर्ना जवळजवळ देतच नाही.

बक्षिसांवरही यांच्यात कुरबुरी चालूच असतात. झाम्बियाच्या नामवाली सरपेलला २०१५ चं केन मिळालं तेव्हा तिने पैसे शॉर्टलिस्टमधल्या बाकीच्यांबरोबर वाटून घेतले, लेखकांची शर्यत लावू नका म्हणाली. २०२१ साली तर कमालच झाली, नोबेल गुर्नाला, बुकर दक्षिण आफ्रिकेच्या डेमन गॅल्गटला, फ्रान्सचं गोंकूर सेनेगलच्या मोहम्मद म्बुगार सारला, पोर्तुगीजचं कामोइंश मोझांबिकच्या पावलिना शिझियानला. सगळीकडे आफ्रिकन वर्ष वगैरे मथळे. चारही बक्षिसं युरोपातून किंवा युरोपच्या भाषांना, हा फाटा ज्या चर्चेत फुटेल ती चर्चा पूर्ण ऐका.

मग आत्ता लिहितायत काय

हे खरं तर पानभर होईल पण मी मला ज्यात रस आहे तेवढंच सांगते.

एक, युद्धं आता त्या वेळी जन्मालाही न आलेले लिहितायत. नायजेरियातलं बियाफ्राचं युद्ध १९७० ला संपलं, अदिचीचा जन्म १९७७ चा, तिची 'हाफ ऑफ अ यलो सन' २००६ ची. माझा मेंगिस्तेची 'द शॅडो किंग' इथिओपियावरच्या १९३५ च्या इटालियन आक्रमणावर आहे, पण पुढे लढणाऱ्या बायका आहेत. दुसरं, भुतंखेतं, परग्रहवासी, गुन्हे, सगळं उघडपणे आलंय. न्नेडी ओकोराफोरने २०१९ मध्ये सांगून टाकलं की माझं लिखाण 'आफ्रिकनफ्युचरिझम', अमेरिकेतल्या आफ्रोफ्युचरिझमचं शेपूट नाही, मुळं आफ्रिकेतच. तिची 'लगून' लागोसच्या किनाऱ्यावर परग्रहवाले उतरतात त्याची गोष्ट, आणि ती सुचली एका गाजलेल्या सायन्स फिक्शन सिनेमात नायजेरियन लोक ज्या पद्धतीने दाखवले त्याच्या रागातून. ज्यांना ऑफिसहून परतताना डोकं चालत नाही त्यांनी ओयिंकान ब्रेथवेटची 'माय सिस्टर, द सिरीयल किलर' घ्या, धाकटी बहीण बॉयफ्रेंड मारते, थोरली नर्स आहे ती ब्लीच घेऊन फरशी पुसायला जाते, प्रकरणं इतकी छोटी की दोन स्टेशनात एक. हसता हसता बापाची मारहाण मध्ये येते आणि हसू जातं.

तिसरं, समलिंगी आणि ट्रान्स पात्रं. नायजेरियात २०१४ च्या जानेवारीत कडक कायदा आला, त्याच महिन्यात वाइनाइनाने मी गे आहे हे आईला उद्देशून लिहिलेल्या लेखातून जाहीर केलं. त्यानंतर हा विषय दबका राहिला नाही. आक्वाएके एमेझीची 'द डेथ ऑफ विवेक ओजी' (२०२०) मुंबईत वाचायलाच हवी, नावातला विवेक आपलाच, आई कविता भारतीय, नायजेरियन माणसाशी लग्न केलेली, मुलाच्या मरणाचं उत्तर मागत दारोदार फिरणारी.

आणि एक जुनं पण रोजचं : झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गाची 'नर्व्हस कंडिशन्स', १९८८. पहिल्याच वाक्यात तांबू सांगते की भाऊ मेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आता पुस्तक खाली ठेवून दाखवा. घरात पैसे एकाच्याच फीपुरते आहेत, तो एक भाऊच असणार, बाप विचारतो पुस्तकं शिजवून नवऱ्याला वाढणारेस का. पोरगी बी मागून घेते आणि स्वतःच्या फीसाठी मका पेरते. कणसं चोरीला जायला लागतात, चोर कोण, तर भाऊच, मित्रांना वाटत असतो. मास्तर तिला शहरात कणसं विकायला घेऊन जातात तिथे एक गोरी बाई भडकते, मुलांना राबवता म्हणून, आणि सगळं कळल्यावर दहा पौंड देऊन जाते. हा प्रसंग मोठ्याने वाचा. मास्तरांनी त्या बाईला जे काही सांगितलं, ते सांगतानाचा त्यांचा सूर, मुलीचं गप्प उभं राहणं, दान घेताना काय काय घ्यावं लागतं ते सगळं त्यात आहे. आमच्याकडे वाचलं तेव्हा एका काकूंनी स्वतःच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही घ्यायला कोणाकोणाच्या ओट्यावर उभं राहावं लागलं ते सांगितलं आणि बाकीची चर्चा तिथेच संपली, संपू दिली.

चर्चा कशी ऐकायची

नायजेरियात २०१३ पासून आके फेस्टिव्हल होतं, कादंबरीकार लोला शोनेयिनने सुरू केलेलं, आधी सोयिंकाच्या गावी अबेओकुटाला, नंतर लागोसला. लॉकडाउनच्या मार्च २०२० मध्ये झुकिस्वा वानरने 'आफ्रोलिट सां फ्रोंतिएर' नावाने ऑनलाइन लाइव्ह सुरू केले, लेखक घरातूनच वाचायचे आणि प्रश्नांना उत्तरं द्यायचे. याशिवाय 'ब्रिटल पेपर' साइटवर बातम्या आणि भांडणं दोन्ही मिळतात.

बघताना असं करा. एकच लेखक निवडा आणि त्याचे दोन व्हिडिओ बघा, एक युरोप-अमेरिकेतल्या मंचावरचा, एक आफ्रिकेतल्या. मुलाखतकाराचे प्रश्न तेवढे लिहून काढा, उत्तरं नाही. तिकडे लेखकाला देशाचा प्रवक्ता करतात की कादंबरीकार ठेवतात ते प्रश्नांच्या यादीतच दिसतं. मग लेखक ज्या इतर लेखकांची नावं सहज घेतो ती लिहा, तीच तुमची पुढची खरी यादी. आणि श्रोत्यांचे प्रश्न कधीच सोडू नका, पॅनेलवर सगळे गोडीगुलाबीने बोलतात, खरं माइक फिरायला लागला की सुरू होतं. स्पीड वाढवून बघू नका हो, उच्चार नवीन असतात, अर्ध्या गोष्टी निसटतात.

मुंबईत बसायचं कसं

सहा-आठ माणसं पुरे. लायब्ररीचा हॉल, सोसायटीचं ऑफिस, कोणाचं घर, काहीही चालेल, फक्त सेंट्रल, वेस्टर्न आणि हार्बरवाल्यांचं एकमत होईल अशी जागा बघा म्हणजे दादर किंवा कुर्ला, नाहीतर पहिल्या महिन्यातच विरारवाले गळतात. एका बैठकीला एकच भांडण, एक कथा किंवा कादंबरीतलं एक प्रकरण, आणि एक व्हिडिओ आधी बघून यायचा. अख्खी कादंबरी लावली की निम्मे न वाचता येतात आणि एक गृहस्थ पंधरा मिनिटं कथानक सांगतात, असा एक प्रत्येक ग्रुपात असतो, त्याला प्रेमाने दुसरं काम द्या, चहा मोजायचं वगैरे.

बोलणं मराठीत ठेवा, पुस्तक इंग्रजी असलं तरी. इंग्रजीत चर्चा गेली की ज्यांना सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं तेच गप्प होतात, आणि मकेरेरेबद्दल बोलताना तेच करणं म्हणजे फारच झालं. 'हे अगदी आपल्यासारखंच आहे' असं कोणी म्हटलं की मान डोलवा आणि लगेच विचारा, कुठे आपल्यासारखं नाही? जातीचं काय, वंशाचं काय, मिशनरी शाळेचं काय, जमीन गोऱ्याने घेतली आणि जमीन सावकाराने घेतली यात फरक काय. दुसऱ्या प्रश्नाला जे मिळतं ते पहिल्याला मिळत नाही. आणि कॉलेजातल्या एखाद्या आफ्रिकन विद्यार्थ्याला आफ्रिकेचा प्रतिनिधी म्हणून बोलावू नका, वाचक म्हणून बोलवा, काय वाचतोस ते विचारा, तो कदाचित जपानी मांगा कॉमिक्स वाचत असेल. अभ्यासू बाजू हवी असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

दोन-तीन बैठका झाल्या की समुद्राकडे वळा, कारण ही बाजू मुंबईइतकी जवळून कोणाला कळणार. गुर्नाच्या 'पॅराडाइज'मध्ये (१९९४) बापाच्या कर्जापोटी बारा वर्षांच्या युसुफला व्यापाऱ्याकडे धाडतात, पहिल्या महायुद्धाच्या जरा आधीचा जर्मनांच्या ताब्यातला पूर्व आफ्रिका, आणि त्या व्यवहारात हिंदी व्यापारी आणि त्यांचं भांडवल आहेच. एम. जी. वासनजीच्या कादंबऱ्यांत केनिया-टांझानियातले गुजराती, दुकानाच्या गल्ल्यामागून बघणारे, गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर अशा पायरीवर अडकलेले. सरपेलच्या 'द ओल्ड ड्रिफ्ट'मध्ये लुसाकात केसांचे टोप विकणारा भारतीय आहे. यातली आपली माणसं नेहमी बरी दिसत नाहीत, व्याजाने पैसे देतात, मुली द्यायच्या वेळी तोंड फिरवतात. बैठकीत कोणीतरी नक्की म्हणेल की आपल्या लोकांनी तिकडे रेल्वे बांधली, दुकानं काढली, १९७२ मध्ये अमीनने हाकललं ते विसरलात का. विसरायचं नाहीच, ते मांडायचंच, आणि मग युसुफचं कर्ज कोणाच्या वहीत होतं तेही मांडायचं.

त्या बैठकीआधी फक्त एक काम सगळ्यांना द्या. फोनवर नकाशा उघडून मुंबई, मोम्बासा, झांझिबार, बैरा अशी चार ठिकाणं शोधायची, आणि पावसाळ्यात वारा कुठून कुठे वाहतो ते बघून यायचं. गुर्ना त्यानंतर वाचायचा.